हातांवरचे जंतू आणि जखमांचा हिशेब

मिरा रोड आणि भाईंदर येथील लहानमोठ्या शुश्रूषागृहांतून, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या मुखातून आणि प्रसंगी चांगल्या अनुभवी शल्यचिकित्सकांच्याही बोलण्यातून एक मत अलीकडे इतक्या निःशंकपणे मांडले जाते, की त्याची रुजुवात करून पाहावी असे ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. ते मत थोडक्यात असे : शस्त्रक्रियेपूर्वी हातांना लावावयाच्या द्रवांचा एक निर्विवाद क्रम ठरून गेलेला आहे, त्यात क्लोरहेक्सिडीन अव्वल, पोव्हिडोन आयोडीन दुय्यम, आणि अल्कोहोल हातांवर चोळून मोजे चढविणे ही घाईत असणाऱ्यांनी काढलेली पळवाट, खरा ‘स्क्रब’ म्हटला म्हणजे वाहते पाणी, ब्रश आणि घड्याळाकडे पाहत घालविलेली मिनिटे ही आलीच, आणि ज्या शुश्रूषागृहाने अव्वल नंबरची बाटली बेसिनपाशी ठेवली त्याने जंतुसंसर्गाच्या बाबतीत आपले कर्तव्य बजावले. या मताचे पुरस्कर्ते अज्ञ नाहीत, निष्काळजी तर मुळीच नाहीत. आणि म्हणूनच त्यांच्या कैफियतीला सविस्तर उत्तर देणे अगत्याचे आहे, कारण निष्काळजी माणसाचे अनुकरण सहसा कोणी करीत नाही, दक्ष माणसाचा गैरसमज मात्र बघता बघता शिरस्ता होऊन बसतो.

प्रतिपक्षाच्या पदरात जे घालावयास हवे ते आधी घालू. क्लोरहेक्सिडीनचा रेणू धनभारित असल्यामुळे तो त्वचेला चिकटून राहतो आणि हात धुतल्यावरही काही तास आपले काम करीत असतो. हातमोज्यांना शस्त्रक्रियेच्या ओघात नकळत बारीक छिद्रे पडतात, मोज्याआडच्या उबेत आणि दमटपणात त्वचेवर उरलेले जंतू पुन्हा वाढू लागतात, आणि अशा वेळी टिकून राहणारा परिणाम उपयोगी पडावा ही अपेक्षा सर्वथा युक्तिसंगत आहे. प्रयोगशाळेत हातांवरच्या जंतूंच्या वसाहती मोजल्या असता पोव्हिडोन आयोडीनपेक्षा क्लोरहेक्सिडीनने धुतलेल्या हातांवर त्या कमी आढळतात, हेही खरे. ‘कॉक्रेन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या समीक्षामालेत या विषयावर २०१६ साली जो सुधारलेला आढावा निघाला, त्याने ही गोष्ट नाकारलेली नाही. परंतु जे लोक त्या आढाव्यातील हे एक वाक्य उचलतात ते त्याच्या शेजारचे वाक्य जागच्या जागी ठेवून येतात. त्या आढाव्यात एकंदर १४ चाचण्यांचा समावेश आहे. त्यांपैकी केवळ ४ चाचण्यांनी रोग्याची जखम पिकली की नाही हे पाहिले, उरलेल्या १० चाचण्यांनी शल्यचिकित्सकाच्या हातांवरच्या वसाहती मोजल्या आणि तेथेच त्या थांबल्या. आणि या सर्वांचा विचार करून समीक्षकांनी दिलेला निकाल असा, की जखमेतील जंतुसंसर्ग टाळण्याच्या कामी एक द्रव दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे म्हणण्यास खंबीर पुरावा नाही, आणि हातांवरच्या जंतूंच्या संख्येत पडणाऱ्या फरकाचा रोग्याच्या हिताशी कितपत संबंध आहे हे स्पष्ट झालेले नाही.

वादाचे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. हातांवरचे जंतू मोजणे सोपे, स्वस्त आणि झटपट होणारे काम आहे. दहा-वीस स्वयंसेवकांचे हात पुरतात आणि दोन दिवसांत वसाहती मोजून होतात. जखम पिकते की नाही हे पाहावयाचे तर हजारो रोगी लागतात, प्रत्येकाचा महिनाभर माग ठेवावा लागतो, तो घरी गेल्यावर त्याच्याशी संबंध राखावा लागतो. म्हणून शास्त्रज्ञांनी सोपे ते मोजले, यात त्यांचा दोष नाही. दोष आहे तो त्या सोप्या मापाला अंतिम निकालाची पदवी बहाल करणाऱ्यांचा. भाईंदरच्या मिठागरात उभा राहिलेला कोणीही माणूस सांगेल, की कुंडीत पाणी किती घेतले यावरून हंगाम ठरत नाही, मीठ किती निघाले यावरून ठरतो. हात आणि जखम यांच्यामध्ये पुष्कळ मजले आहेत : मोजे आहेत, रोग्याच्या त्वचेची केलेली तयारी आहे, प्रतिजैविक वेळेवर दिले की उशिरा हा प्रश्न आहे, रोग्याची साखर आहे, शस्त्रक्रिया किती वेळ चालली आणि तीत आतडे उघडले की नाही हे आहे, आणि जखमेत सापडणाऱ्या जंतूंपैकी फार मोठा वाटा तर रोग्याच्या स्वतःच्या त्वचेतून अथवा आतड्यातून आलेला असतो. इतके मजले ओलांडताना हातांवरच्या वसाहतींमधील थोडासा फरक शाबूत राहतोच असे मानणे हा तर्क नव्हे, ती श्रद्धा झाली.

हात निर्जंतुक करण्याच्या शास्त्राचा आरंभ ज्या घटनेपासून सांगितला जातो ती घटना तरी प्रतिपक्षाने पुन्हा वाचावयास हवी. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहाच्या ज्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, तेथे १८४६ साली शंभरांतील अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या विभागात हे प्रमाण तीनाच्याही आत होते. इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याचा दंडक घातला, आणि १८४८ साली त्याच विभागातील मृत्यूचे प्रमाण शंभरांत सव्वा इतके खाली आले. या माणसाला जंतू ठाऊक नव्हते. पाश्चरचे आणि लिस्टरचे कार्य अद्याप व्हावयाचे होते. हातांवर काय आहे हे दाखविणारी कोणतीही तबकडी त्याच्यापाशी नव्हती. त्याच्यापाशी होते ते रुग्णालयाचे दप्तर, आणि त्यात किती बाळंतिणी आल्या व किती गेल्या याचे आकडे. आज आपल्यापाशी तबकड्या आहेत, प्रयोगशाळा आहेत, चकचकीत माहितीपत्रके आहेत. नाही ते नेमके दप्तरच.

ज्यांनी रोगी मोजले त्यांना काय आढळले ते आता पाहू. फ्रान्समधील सहा शस्त्रक्रिया विभागांत ४,३८७ रोग्यांवर झालेली आणि २००२ साली ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झालेली चाचणी या प्रश्नावरची सर्वांत सरळ साक्ष आहे. तीत एका कालखंडात शल्यचिकित्सक क्लोरहेक्सिडीन अथवा आयोडीनच्या साबणाने पारंपरिक पद्धतीने हात धूत, तर दुसऱ्या कालखंडात अल्कोहोलचा द्रव चोळीत. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत जखमेत संसर्ग झालेल्या रोग्यांचे प्रमाण धुण्याच्या गटात २.४८ टक्के, तर चोळण्याच्या गटात २.४४ टक्के निघाले. ज्याला पळवाट म्हटले गेले तिने रोग्याचे काडीचेही नुकसान केले नाही. पण त्या चाचणीतील दुसरी एक नोंद मला अधिक बोलकी वाटते : ठरवून दिलेला अवधी पुरा करणारे लोक चोळण्याच्या पद्धतीत ४४ टक्के होते आणि धुण्याच्या पद्धतीत अवघे २८ टक्के. आपल्यावर लक्ष आहे हे ठाऊक असलेल्या, सुसज्ज युरोपीय रुग्णालयांतील शल्यचिकित्सकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक हात धुण्याची मिनिटे पुरी करीत नसतील, तर रात्री दीड वाजता सिझेरियनसाठी बोलावून आणलेल्या आपल्याकडच्या डॉक्टरांविषयी काय अनुमान काढावे? दुसरी साक्ष केनियातील किजाबे येथील रुग्णालयाची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत तीन हजारांहून अधिक रोग्यांमध्ये साधा साबण-पाणी आणि अल्कोहोल यांची तुलना झाली, आणि दोन्हीकडे संसर्गाचे प्रमाण शंभरांत आठाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले.

येथे प्रतिपक्ष आपला सर्वांत आवडता पुरावा पुढे करतो. २०१० साली अमेरिकेत ८४९ रोग्यांवर झालेल्या चाचणीत क्लोरहेक्सिडीनच्या गटात संसर्गाचे प्रमाण ९.५ टक्के आणि पोव्हिडोन आयोडीनच्या गटात १६.१ टक्के आले. यापेक्षा स्पष्ट ते काय हवे, असे विचारले जाते. या पुराव्यात दोन गफलती आहेत. पहिली ही, की ती चाचणी रोग्याच्या त्वचेवर, म्हणजे जेथे छेद घ्यावयाचा तेथे लावण्याच्या द्रवांची होती; शल्यचिकित्सकाच्या हातांचा तीत संबंधच नव्हता, आणि एका मामल्यातील साक्ष दुसऱ्या मामल्यात दाखल करून घेण्याची मुभा कोणतेही न्यायासन देत नाही. दुसरी गफलत अधिक सूक्ष्म आहे. त्या चाचणीतील क्लोरहेक्सिडीन ७० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळविलेले होते आणि आयोडीन मात्र पाण्यात. तेव्हा विजय क्लोरहेक्सिडीनचा की त्याच्या सोबतीला आलेल्या अल्कोहोलचा, हे त्या चाचणीवरून सांगताच येत नाही. अल्कोहोलला अशा रीतीने श्रेयातून वगळण्याची खोड वैद्यकीय वाङ्मयात किती पसरली आहे हे २०१२ साली माइवाल्ड आणि चान यांनी एका विस्तृत समीक्षेत दाखवून दिले. पुढे दोन्ही द्रव्यांना अल्कोहोलची समान जोड देऊन स्वित्झर्लंडमधील तीन रुग्णालयांत ३,३६० रोग्यांवर जी चाचणी झाली आणि २०२४ साली प्रसिद्ध झाली, तीत आयोडीनच्या बाजूला ५.१ आणि क्लोरहेक्सिडीनच्या बाजूला ५.५ टक्के संसर्ग आढळला. म्हणजे सामना समान अटींवर होताच अव्वल आणि दुय्यम हा भेद नाहीसा झाला.

राहिला मोज्याआड टिकणाऱ्या परिणामाचा मुद्दा. तोही पहिल्या नजरेला जितका निर्णायक दिसतो तितका नाही, कारण अल्कोहोल स्वतः टिकत नसले तरी त्याचा पहिला तडाखा इतका जबर असतो, की मोज्याआडच्या जंतूंची संख्या मूळ पातळीवर यावयास सहा तासांहून अधिक वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हे नमूद आहे. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, सिझेरियन, हाडाला लावलेली प्लेट ही जी कामे आपल्या शुश्रूषागृहांत रोजच्या रोज होतात, त्यांपैकी सहा तास चालणारी कितीशी? त्याच संघटनेने २०१६ साली जखमेतील संसर्गाविषयी जी मार्गदर्शिका काढली तीत योग्य जंतुनाशक साबण व पाणी अथवा योग्य अल्कोहोल, या दोहोंपैकी कोणताही मार्ग पत्करावा, असेच सांगितले आहे.

आता ब्रश आणि पाणी. ब्रशाने घासल्यामुळे त्वचा सोलवटते, तिच्यावर बारीक जखमा होतात आणि तिच्यातून कण व जंतू अधिकच झडू लागतात, म्हणून ब्रशाचा आग्रह जाणत्यांनी केव्हाच सोडला आहे; दहा मिनिटांच्या स्क्रबाचेही तेच, दोन ते पाच मिनिटे पुरेशी आहेत. पाण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक गावाने आपल्या नळाकडे पाहून सोडवावयाचा असतो. मिरा-भाईंदरचे पाणी मुख्यतः स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून येते. २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांच्या वर गेलेल्या या शहराला ते पुरत नाही म्हणून सूर्या धरणाच्या योजनेतून रोज २१ कोटी ८० लाख लिटर पाणी देण्याचे योजावे लागले. आणि उन्हाळ्यात किंवा दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवला की सोसायट्यांच्या दारांशी टँकर उभे राहतात, हे येथील रहिवाशाला सांगावयास नको. आपली बहुसंख्य शुश्रूषागृहे याच इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर आहेत. तेथील बेसिनच्या नळाला येणारे पाणी तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत आणि टाकीतून नळात येते. ती टाकी शेवटची कधी धुतली हे सोसायटीच्या सचिवाला विचारावे लागते, आणि टँकरचे पाणी कोठून भरले हे त्यालाही सांगता येत नाही. अव्वल दर्जाच्या क्लोरहेक्सिडीनने पाच मिनिटे हात घासून शेवटी त्या हातांवरून जे पाणी सोडावयाचे ते हे. शिवाय पाच मिनिटे नळ सोडून ठेवला तर माणशी वीस-पंचवीस लिटर पाणी सहज जाते, आणि शस्त्रक्रियेला तिघे उभे राहावयाचे असतील तर हा हिशेब तिप्पट होतो.

बेसिनपाशी अंमळ थांबून पाहिले तर अव्वल बाटलीची आणखी एक दशा दिसते. कोपराने दाबावयाचा नळ बिघडलेला असतो म्हणून मावशी मग्याने पाणी घालते. डॉक्टर सवयीने आधी वडीचा साबण लावतात, तो पुरता निघण्याच्या आतच क्लोरहेक्सिडीन हातांवर घेतात, आणि साबणातील ऋणभारित द्रव्य त्या धनभारित औषधाला जागच्या जागी निकामी करून टाकते. मोठ्या कॅनमधील औषध लहान बाटलीत ओतून ठेवलेले असते. ती बाटली रिकामी करून धुण्याऐवजी उरलेल्यातच भर घालण्याचा रिवाज असतो, आणि जंतुनाशकाच्या बाटलीतच जंतू वाढू शकतात ही गोष्ट १९८० च्या सुमारास अमेरिकेत दूषित पोव्हिडोन आयोडीनने सप्रमाण सिद्ध केलेली असूनही त्या रिवाजाला बाध येत नाही. माहितीपत्रकातील आलेख यांतील कशाचीही दखल घेत नाहीत.

मी अल्कोहोलची बाजू घेतो ती या पार्श्वभूमीवर, आणि त्याच्या मर्यादा झाकून ठेवून मुळीच नाही. हात मातीने, रक्ताने, चिकटपणाने माखलेले असतील तर अल्कोहोल कुचकामी आहे; म्हणून शस्त्रक्रियागारात शिरताना एकदा साध्या साबणाने हात स्वच्छ धुऊन, नखे साफ करून, ते पूर्ण कोरडे केले पाहिजेत. काही जंतूंच्या बीजाणूंवर त्याचा परिणाम होत नाही. तळहातावर दोन थेंब घेऊन झटकणे म्हणजे अल्कोहोल वापरणे नव्हे. दोन्ही हात कोपरापर्यंत दीड ते तीन मिनिटे सतत ओले राहतील इतका, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर द्रव लागतो, आणि हात आपोआप सुकेपर्यंत मोजे चढवावयाचे नाहीत. द्रव ज्वालाग्राही असल्यामुळे विजेवर चालणारी कॉटरी सुरू होण्यापूर्वी तो पूर्ण उडून गेलेला असलाच पाहिजे. या अटी पाळणे सोपे आहे असे मी म्हणत नाही. त्या पाळणे गच्चीवरच्या टाकीवर अवलंबून नाही, एवढेच म्हणतो. ज्या रुग्णालयात पाण्याची तजवीज चोख आहे, टाकी नियमाने धुतली जाते आणि ओटी सिस्टर घड्याळ लावून मिनिटे मोजते, तेथे क्लोरहेक्सिडीनने किंवा आयोडीनने हात धुणाऱ्याला कोणी दोष देऊ नये.

सर्व द्रव सारखेच ठरत असतील तर मग एवढा खटाटोप कशाला, साधे हात विसळून उभे राहिले तरी चालेल, असा उलट टोकाचा निष्कर्ष काढणारेही काही महाभाग आहेत. त्यांना इतकेच सांगावयाचे, की दोन पद्धतींत फरक दिसला नाही याचा अर्थ पद्धतच नको असा होत नाही. फ्रान्समध्ये आणि केनियात ज्यांची तुलना झाली त्या दोन्ही ठरवून दिलेल्या पद्धती होत्या, आणि हात न धुण्याची तुलना हवी असेल तर ती व्हिएन्नात १८४७ सालीच झालेली आहे.

बाटल्यांच्या वादात जाणारा पैसा आणि उत्साह कोठे लावावा, याचेही उत्तर रोगी मोजणाऱ्यांनी देऊन ठेवले आहे. भारतासह सात देशांत ५,७८८ रोग्यांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोग्याच्या त्वचेवर लावण्याच्या क्लोरहेक्सिडीनची आणि आयोडीनची तुलना झाली. द्रवांत फरक आढळला नाही, मात्र पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या त्या रोग्यांपैकी शंभरांत सुमारे बावीस जणांच्या जखमेत संसर्ग झालेला दिसला. हा आकडा वाचून ज्याची झोप उडत नाही त्याने द्रवांची चर्चा करू नये. त्याच सात देशांत, १३,३०१ रोग्यांवर, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत जखम शिवण्यापूर्वी सर्वांनी हातमोजे आणि हत्यारे बदलावीत एवढा एकच फेरफार केला गेला, आणि संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. मोज्यांचे दोन-चार जास्तीचे जोड आणि हत्यारांचा एक वेगळा संच, याखेरीज त्याला काही लागले नाही. पण हा उपाय हाती आला तो जखमा मोजल्यामुळे, आणि कोणत्याही बाटलीवर त्याची जाहिरात छापलेली नाही.

म्हणून माझी सूचना महानगरपालिकेला आणि येथील वैद्यकवर्गाला सारखीच आहे. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली प्रत्येक शुश्रूषागृहाची नोंद होते आणि मुदत संपली की तिचे नूतनीकरण होते. त्या वेळी खाटा, परिचारिका आणि अग्निशमनाचे दाखले मागितले जातात, त्यांत एका वहीची भर घालावी. रोग्याचा क्रमांक, शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, आणि ३० दिवसांनी फोन करून विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे : टाके पिकले का, पू आला का, पुन्हा दवाखान्यात जावे लागले का. हे काम एक कारकून अथवा एक परिचारिका दिवसाला अर्ध्या तासात उरकू शकते. भाईंदरमधील टेंभ्याचे रुग्णालय असो, मिरा रोडचे असो की एखाद्या गल्लीतले दहा खाटांचे खासगी शुश्रूषागृह असो, ही वही ठेवण्याला यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती आपला आकडा वाईट निघाला तरी तो लिहून ठेवण्याची तयारी.

आणि ज्यांना क्लोरहेक्सिडीनच अव्वल वाटते त्यांनी ते खुशाल वापरावे, माझी त्याला हरकत नाही. परंतु दुसऱ्याच्या पद्धतीला पळवाट म्हणण्यापूर्वी आपल्या टेबलावरून गेल्या वर्षी उठलेल्या रोग्यांपैकी कितीजणांच्या जखमा पिकल्या हा एक आकडा त्यांनी समोर ठेवावा. तो ठेवता येत नसेल, तर द्रवांचा क्रम लावण्याचा अधिकार त्यांनी आपण होऊन सोडावा हे उचित.